आर्कराइट : धान्याच्या पेटीतून आलेले आडनाव

उत्तर इंग्लंडमधील लँकशर परगण्याशी जोडलेले ‘आर्कराइट’ हे विरळ आडनाव व्यवसायावरून पडलेल्या इंग्रजी आडनावांच्या वर्गात मोडते. त्यातील ‘आर्क’ म्हणजे पेटी किंवा कोठी. हा शब्द लॅटिनमधील ‘आर्का’वरून प्राचीन इंग्रजीत आला आणि बायबलमधील नोहाच्या तारवालाही तोच लागू झाला. ‘राइट’ म्हणजे घडवणारा कारागीर. या शब्दाचे मूळ ‘काम करणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदात असून, गाडे बनवणाऱ्यांच्या ‘कार्टराइट’ आणि ‘वेनराइट’ या आडनावांतही तो टिकून आहे.

मध्ययुगीन घरात धान्य व पीठ साठवण्यासाठी वापरली जाणारी ही पेटी ओकचे ओंडके फोडून काढलेल्या फळ्यांची असे. फळ्या खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्क्या केल्या जात आणि उतरत्या छपरासारखे झाकण काढून उलटे ठेवले की त्यात कणीक मळता येई. कुटुंबाची बेगमी जिच्यावर विसंबून असे, ती पेटी घडवणाऱ्याची ओळख हेच पुढे त्याच्या वंशजांचे आडनाव झाले.

प्रेस्टन येथे १७३२ मध्ये जन्मलेल्या रिचर्ड आर्कराइट यांनी १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी गिरणी उभारण्यास आरंभ केला, तेव्हापासून हे नाव यंत्रयुगाशी जोडले गेले. तरीही त्याच्या अक्षरांत हाताने लाकूड घडवणाऱ्या त्या अनामिक कारागिराची स्मृती आजही जपलेली आहे.