विमानातून नौकेच्या ब्रिजपर्यंत

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोलकात्याचा गार्डन रीच परिसर आठवतो तो अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह याच्यामुळे. १८५६ नंतर तो इथल्याच मटियाबुर्जमध्ये येऊन राहिला. नौदलाला हा परिसर ठाऊक आहे तो गोदीमुळे. १८८४ मध्ये हुगळीकाठी एका लहान कारखान्याच्या रूपाने सुरू झालेली ही गोदी १९६० मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी 'अजय' ही देशात बांधलेली पहिली युद्धनौका तिने नौदलाच्या स्वाधीन केली.

याच गोदीत बांधलेली 'त्रिंकट' ही गस्ती नौका २००० मध्ये नौदलात दाखल झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या प्रमुखपदी मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांची नियुक्ती जाहीर झाली. भारतीय युद्धनौकेचे नेतृत्व प्रथमच एका महिलेकडे आले, एवढीच त्या बातमीची चर्चा झाली. त्या तिथवर कोणत्या वाटेने पोहोचल्या, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. देवस्थळी या मूळच्या नौदल हवाई शाखेतील ऑब्झर्व्हर. टुपोलेव्ह-१४२ या महाकाय टेहळणी विमानावर काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला ऑब्झर्व्हर. पुढे 'चेन्नई' या विनाशिकेवर त्यांनी फर्स्ट लेफ्टनंट म्हणून काम केले आणि त्यानंतर 'त्रिंकट' त्यांच्या हाती आली.

ऑब्झर्व्हर म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय या वाटेचे महत्त्व कळत नाही. विमान चालवणे हे त्याचे काम नव्हे. विमानाला काय दिसते आणि काय ऐकू येते याचा अर्थ लावणे, हे त्याचे काम. पाण्याखाली रेडिओलहरी फार दूर जात नाहीत, ध्वनी मात्र मैलोन्‌मैल जातो. म्हणून पाणबुडीचा शोध घेणारे विमान समुद्रात सोनोबॉय टाकते. त्याचा हायड्रोफोन खोल पाण्यात लोंबकळत ऐकतो आणि पृष्ठभागावरचा छोटा अँटेना ते ऐकलेले रेडिओवरून विमानाला कळवतो. व्यापारी जहाजाची घरघर, माशांच्या थव्याचा गलका आणि पाणबुडीच्या पंख्याची लय यांतला फरक ओळखायचा, त्याला रडारच्या पडद्यावरील ठिपक्यांची आणि शत्रूच्या रडारचा वेध घेणाऱ्या यंत्रणेची जोड द्यायची, पुढचा सोनोबॉय कुठे पडावा ते ठरवायचे आणि ते चित्र काही क्षणांत खालच्या नौकेला कळवायचे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय हे नौकाप्रमुखाचे पहिले भांडवल. ऑब्झर्व्हरला ती प्रशिक्षणापासूनच लावली जाते.

ही सवय महिलांना कधी लावू दिली गेली? कोचीच्या 'आयएनएस गरुड' तळावरून पहिल्या दोन महिला ऑब्झर्व्हर २००९ मध्ये बाहेर पडल्या. पण त्यांच्यासाठी होती ती किनाऱ्यावरून उडून किनाऱ्यावरच परतणारी विमाने. युद्धनौकेवरील हेलिकॉप्टरसाठी कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंह यांची निवड झाली ती सप्टेंबर २०२० मध्ये. त्याआधी, १७ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅनी नागराज खटल्यात नौदलातील महिलांना स्थायी नियुक्तीचा हक्क दिला होता. रशियन बनावटीच्या नौकांवर महिलांसाठी स्नानगृहे नाहीत, असाही युक्तिवाद तिथे झाला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी तो स्वीकारला नाही.

'निवासाची सोय नाही' हा शेरा प्रशासनातल्या माझ्या ओळखीचा आहे. धोरणाला विरोध करण्याचे धैर्य नसले की फाइलवर तो उमटतो. तरीही तो सरसकट खोटा नसतो, हीच अडचण. छोट्या नौकेवरसुद्धा प्रमुखाला स्वतःची खोली असते. म्हणून 'त्रिंकट'वर महिला प्रमुख नेमताना एकही पत्रा हलवावा लागत नाही. प्रश्न येतो तो नुकत्याच रुजू झालेल्या सब-लेफ्टनंटचा. चार बंकच्या खोलीत तिला जागा नाही, म्हणजे समुद्रावर पहारा नाही. पहारा नाही म्हणजे नौका हाकण्याचा अनुभव नाही. आणि तो अनुभव नाही म्हणजे पंधरा वर्षांनंतर नेतृत्वासाठी तिचे नावच पुढे येत नाही. हा निर्णय कोणी निवड मंडळात घेत नाही. तो गोदीच्या आरेखन कक्षात, भिंत कुठे उभी राहील हे ठरते तेव्हाच झालेला असतो, आणि नौका पुढे पंचवीस-तीस वर्षे तशीच चालते.

दुसरी अडचण पुरुषांनाही सोसावी लागते. गार्डन रीचने बांधलेल्या 'कामोर्ता' वर्गातील चारही पाणबुडीविरोधी नौकांवर हेलिकॉप्टरची सोय आहे. 'कामोर्ता' दाखल झाली २०१४ मध्ये. जुन्या सी किंगची जागा घेणाऱ्या चोवीस एमएच-६० आर हेलिकॉप्टरांचा करार मात्र २०२० मध्ये झाला आणि त्यांची पहिली तुकडी कोचीत उभी राहिली मार्च २०२४ मध्ये. हेलिकॉप्टर कमी, म्हणजे नौकेवरून उडणारा ऑब्झर्व्हरही कमी.

जून २०२५ मध्ये 'अर्नाळा' ही उथळ पाण्यातली पाणबुडीविरोधी नौका विशाखापट्टणमला दाखल झाली. गार्डन रीचच्या गोदीने लार्सन अँड टुब्रोसह ती बांधली. विरारसमोरचा जो जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, त्याचे नाव तिला दिले आहे. विमानांशी समन्वय साधून पाणबुडी शोधणे हे तिच्या घोषित कामांपैकी एक. वरून येणारा रेडिओसंदेश ज्याने कधीकाळी स्वतः पाठवला आहे, अशा अधिकाऱ्याचा अशा नौकेवर किती उपयोग होईल, हे वेगळे सांगायला नको.

संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने नौदलाला दोन आकडे विचारावेत. गेल्या दहा वर्षांत किती ऑब्झर्व्हर युद्धनौकांचे प्रमुख झाले? आणि गोद्यांमध्ये सध्या उभ्या असलेल्या नौकांपैकी किती नौकांच्या आराखड्यात कनिष्ठ महिला अधिकाऱ्यांचे बंक पहिल्यापासून धरले आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मागावे, कारण पत्रे जोडले जात आहेत.