खेळ संपल्यावरचे दोन शब्द

चातुर्मासातील एका रविवारी दुकान बंद होते आणि घरातील सगळी मंडळी दुपारच्या वेळी एकत्र बसली होती. नववीत शिकणारा पुतण्या संगणकावर परदेशातील कुणा प्रतिस्पर्ध्याशी डावपेचांचा एक खेळ खेळत होता. डाव हळूहळू त्याच्या बाजूने झुकला. आता विजय आपलाच, असे दिसताच त्याने 'जीजी' ही दोन अक्षरे लिहून समोरच्याला पाठवली. 'गुड गेम', म्हणजे 'खेळ छान झाला', एवढाच त्यांचा अर्थ. पण समोरून उत्तरादाखल शिवी आली आणि प्रतिस्पर्धी डाव सोडून निघून गेला. मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्यालाही राग आला आणि त्याने त्या खेळाडूला मागाहून असा काही निरोप पाठवला, की तो वाचून त्याच्या वडिलांनी संगणकच बंद केला.

"काका, मी तर त्याचे कौतुक केले होते," तो मला म्हणाला. त्याच्या स्वतःच्या निरोपाबद्दल विचारले, तेव्हा म्हणाला, "तिथे ओळखीचे कोण होते? नुसता एक आयडी तर होता."

ही दोन वाक्ये माझ्या मनात घर करून राहिली. पहिल्या वाक्यामागे एका देशाचा शिष्टाचार दुसऱ्या देशाला कसा खटकतो याची कथा आहे. दुसऱ्या वाक्यामागे आपल्या घरांत वाढणाऱ्या पिढीपुढचा प्रश्न आहे.

दोन अक्षरांचे दोन अर्थ

अमेरिकेत लहान मुलांचे सामने संपले, की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाच्या हाताला हात लावून 'गुड गेम' म्हणतो. जिंकणारा आणि हरणारा, दोघांनीही म्हणायचे असते. आधी कोणी म्हणायचे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

दक्षिण कोरियात याच शब्दांना वेगळे वळण लागले. १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' हा अमेरिकी संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला आणि कोरियात तो विलक्षण लोकप्रिय झाला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे 'पीसी बांग' नावाची, तासावर संगणक भाड्याने देणारी ठिकाणे गल्लोगल्ली उघडली होती आणि वेगवान इंटरनेटही झपाट्याने पसरत होते. लवकरच या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले. त्या सामन्यांत हरणारा खेळाडू 'जीजी' लिहून बाहेर पडत असे. म्हणजे ती दोन अक्षरे केवळ कौतुकाची उरली नाहीत. 'मी पराभव मान्य करतो, तुम्ही चांगले खेळलात' अशी ती पराभूताची कबुली झाली. स्पर्धांमध्ये खेळाडूंनी ठरावीक अक्षरांखेरीज काही लिहू नये, असाही कडक दंडक होता.

आता माझ्या पुतण्याची चूक ध्यानात येईल. ज्यांनी ही रीत आत्मसात केली आहे, त्यांच्या दृष्टीने 'जीजी' आधी म्हणण्याचा अधिकार हरणाऱ्याचा. डाव संपण्यापूर्वी जिंकणाऱ्याने ते म्हणणे म्हणजे 'तू हरलास, आता ऊठ' असे सुनावणे. मुलाने अमेरिकी अर्थाने नमस्कार केला आणि समोरच्याने तो कोरियाई अर्थाने अपमान म्हणून घेतला. दोघेही आपापल्या जागी सभ्यतेचाच नियम पाळत होते. अनेकांताचा एवढा सोपा धडा मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

हार मान्य करण्याच्या रीती

जपानमध्ये 'शोगी' हा बुद्धिबळासारखा खेळ आहे. त्यात डाव सुरू होताना दोघे वाकून एकमेकांना अभिवादन करतात. हरणारा स्वतः मान लवून 'मी हरलो' अशा अर्थाचा शब्द उच्चारतो आणि तेथेच डाव संपतो. जिंकणाऱ्याने आनंदाचे प्रदर्शन करणे तेथे शोभत नाही. पुढे दोघेही त्याच पटावर बसून झालेला डाव पुन्हा मांडतात आणि कोणती चाल कोठे चुकली याची चर्चा करतात. काही क्षणांपूर्वीचा प्रतिस्पर्धी सहाध्यायी होतो.

आपल्याकडच्या आखाड्यातही अशी रीत आहेच. मल्ल लाल मातीला नमस्कार करतो, ती कपाळाला लावतो, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो आणि मगच कुस्तीला उभा राहतो.

बुद्धिबळात तर एकाच पटाभोवती दोन मते आढळतात. मुरलेल्या खेळाडूंमध्ये पराभव स्पष्ट दिसत असतानाही उगाच चाली रेटत राहणे अशिष्ट समजले जाते. डाव सोडून हात पुढे करणे हा समोरच्याच्या बुद्धीचा मान. याउलट लहान मुलांना अनेक प्रशिक्षक सांगतात, की शेवटपर्यंत खेळा, समोरचाही चुकू शकतो. दोन्ही सल्ल्यांना आपापले स्थान आहे. ऑनलाइन बुद्धिबळात मात्र एक तिसरीच खोड दिसते. हार दिसू लागली, की काही जण चालच करत नाहीत आणि घड्याळात उरलेली दहा-पंधरा मिनिटे प्रतिस्पर्ध्याला नुसते ताटकळत ठेवतात. प्रमुख संकेतस्थळे अशा खेळाडूंना हुडकून त्यांच्यावर निर्बंध घालतात, कारण याला कोणत्याही देशात शिष्टाचार म्हणत नाहीत.

आपल्या अंगणात

काही लोकप्रिय खेळांचे सर्व्हर आता मुंबईतही आहेत. त्यामुळे भारतातील मुले शेजारी देशांतील मुलांबरोबर एकाच मैदानात उतरतात. पाच-पाच जणांचे संघ असतात, कानाला हेडफोन असतो आणि एकमेकांशी बोलता येते. ही सोय ओळख वाढवणारी ठरू शकते, आणि कित्येकदा ठरतेही. पण ज्या पालकांनी तो हेडफोन एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहिला असेल, त्यांना तेथे काय ऐकू येते हे सांगायला नको. आई-बहिणीवरून शिव्या, धर्मावरून आणि देशावरून टोमणे. मुलीचा आवाज ऐकू आला तर विचारायलाच नको. कितीतरी मुली या कारणास्तव आपला आवाज बंद ठेवून किंवा मुलाचे नाव घेऊन खेळतात. त्या कुणाच्या तरी घरच्या मुली आहेत, आणि शिव्या देणाऱ्यांत आपल्या घरचे कुणी नसेलच, अशी खात्री कोण देईल?

याचा अर्थ जपानी किंवा कोरियाई मुले सभ्य आणि आपली उद्धट, असा नाही. शिवीगाळ तेथेही आहे. फरक एवढाच, की कोठे एक रीत रुजवण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला आणि कोठे अजून व्हायचा आहे.

एक खुलासा येथेच करतो. हे सारे पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी आहे. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा त्याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही.

शब्द तोच, भाव वेगळा

खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांनाही या प्रश्नाने छळले आहे. 'हार्थस्टोन' हा पत्त्यांचा ऑनलाइन खेळ २०१४ मध्ये आला. त्यात अनोळखी प्रतिस्पर्ध्याला मनात येईल ते लिहिता येत नाही. नमस्कार, धन्यवाद, छान खेळलात अशी मोजकी वाक्येच निवडता येतात. शिवीला वावच नाही. त्या वाक्यांत 'सॉरी' हेही होते. पुढे कंपनीने ते काढून टाकले, कारण खेळाडू ते बहुतेक खवचटपणे वापरत. समोरच्यावर घाव घालायचा आणि वर 'सॉरी' म्हणायचे! क्षमेचा शब्दच टोमणा झाला म्हणून तो रद्द करावा लागला, हे वाचून मी अस्वस्थ झालो.

'ओव्हरवॉच' या खेळात काही विजेते 'जीजी'पुढे 'ईझी' हा शब्द जोडत, म्हणजे 'फारच सोपे गेले'. कंपनीने त्यावर गमतीदार तोड काढली. हे शब्द लिहिले, की त्यांच्या जागी लिहिणाऱ्याच्याच नावाने एखादे नम्र किंवा स्वतःचीच थट्टा करणारे वाक्य उमटे.

आपल्या परंपरेने द्रव्य आणि भाव हा भेद फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. मुखाने पाठ म्हटला आणि मन दुकानात राहिले तर ते द्रव्य प्रतिक्रमण. मन वळले तर भाव प्रतिक्रमण. 'जीजी' आधी कोणी म्हणावे, वाकावे की हात मिळवावा, हा सारा द्रव्याचा भाग आहे. तो देशोदेशी बदलणार आणि तो शिकून घ्यावा लागतो. समोरच्याला कमी लेखण्याची इच्छा आहे की त्याचा मान राखण्याची, हा भाव मात्र कोणत्याही देशात तोच राहतो. आणि हेही प्रामाणिकपणे विचारू या, की संवत्सरीच्या दिवशी एका बोटाने तीनशे जणांना पाठवलेले 'मिच्छामि दुक्कडम्' यांपैकी कोणत्या प्रकारात बसते?

चार कषाय या खेळांत अगदी स्वच्छ दिसतात. हरताना क्रोध, जिंकल्यावर मान. गुणांच्या आणि क्रमांकाच्या मागे धावताना लोभ. बुद्धिबळात चोरून संगणकाची मदत घेणे, किंवा मुरलेल्या खेळाडूने नवे खाते उघडून नवशिक्यांना झोडपणे, ही माया. आणि सोबती शिवी देत असताना आपण नुसते हसलो, तर कृत आणि कारित नसले तरी अनुमोदित तर झालेच.

न दिसणाऱ्याशी व्यवहार

'नुसता आयडी तर होता' या वाक्याला उत्तर म्हणून मी पुतण्याला राजा यशोधराची कथा सांगितली. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजा तयार नव्हता, म्हणून आईच्या आग्रहावरून त्याने पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा खोटा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. त्याचे फळ मायलेकांना अनेक जन्म भोगावे लागले. मुलगा हुशार. तो लगेच म्हणाला, "मग बंदुकीच्या खेळांचे काय?" त्याचा प्रश्न रास्त आहे. असे खेळ आपल्या घरात असावेत का, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने केलाच पाहिजे. आमच्या घरी ती चर्चा अजून चालू आहे. पण त्याला एवढे मात्र पटले, की पिठाचा कोंबडा निर्जीव होता आणि आयडीमागे तर जिवंत माणूस बसला आहे.

दुसरी गोष्ट मी त्याला आपल्या धंद्याची सांगितली. हुंडीच्या काळात एका पेठेतला व्यापारी दुसऱ्या गावच्या आडत्यावर कागद लिहून देई. कागद घेऊन येणाऱ्याला तो आडत्या ओळखतही नसे, तरी रक्कम मोजून देई. न पाहिलेल्या माणसाशी चोख वागणे यालाच आपल्या वडीलधाऱ्यांनी पत म्हटले. तोंडी ठरलेला सौदा भाव पडला म्हणून मोडायचा नाही, ही त्यांची शिकवण. हार दिसताच डाव मध्येच सोडून चार सोबत्यांना अडचणीत टाकणारा मुलगा उद्या पेढीवर बसेल, तेव्हा पडत्या भावात काय करील?

घरात काय करता येईल, यावर आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. खेळ नवा असेल, तर नियमांबरोबर तेथील रीतही विचारून घ्यायची. जिंकत असताना आधी बोलायचे नाही. हरल्यावर दोन चांगले शब्द लिहायचे आणि मगच बाहेर पडायचे. राग आला, तर आवाज बंद करण्याचे बटण दाबायचे. वचनगुप्तीला एवढे सोपे साधन पूर्वी कुणाला मिळाले नव्हते. 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाच्या कंपनीने एकदा प्रतिस्पर्ध्याशी बोलण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवून पाहिली. हवी असेल त्याने ती स्वतः सुरू करायची. बोलणे जवळपास पूर्वीइतकेच राहिले, पण शिवीगाळ लक्षणीय कमी झाली. बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागले, एवढाच काय तो बदल. भाषा समिती याहून वेगळे काय सांगते?

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणाहून परतल्यावर पुतण्याने स्वतःच संगणक उघडला आणि जुन्या डावांच्या यादीतून त्या खेळाडूचे नाव शोधले. 'तुमची रीत मला ठाऊक नव्हती, आणि नंतर मी जे लिहिले ते चुकीचे होते', असे दोन ओळींत इंग्रजीत लिहून पाठवले. पुढचे काही दिवस तो उत्तराची वाट पाहत होता. उत्तर आले नाही. "मग उपयोग काय झाला?" असे त्याने आजीला विचारले. आजी जपमाळ खाली न ठेवता म्हणाली, "अरे, क्षमा मागणे तुझ्याकडे होते, ते झाले. देणे त्याच्याकडे आहे."