खडा लहान होत नाही

रेडिओलहरींच्या आज्ञेने धावणारी छोटी मोटार म्हटली की आपल्याकडे बहुधा सेलवर चालणारे, दिवाणखान्यात दोन-चार फेऱ्या मारून पलंगाखाली अडकणारे प्लास्टिकचे खेळणे डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या मोटारींविषयी येथे लिहावयाचे आहे त्या या वर्गात मोडत नाहीत. त्यांच्या पोटात खरेखुरे अंतर्ज्वलन एंजिन असते, त्याला इंधन, हवा आणि वंगण लागते, आणि क्लच, डिफरन्शियल, डिस्क ब्रेक, तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर असा सारा सरंजाम दीड-दोन फुटांच्या चौकटीत बसविलेला असतो. यांतील काही मोटारी गुळगुळीत डांबरासाठी घडविल्या जातात. माती, खडी आणि उंचवटे यांवरून उड्या घेत जाण्यासाठी ज्या घडविल्या जातात, त्यांचे शास्त्र मला अधिक चित्तवेधक वाटते.

त्यांचे माप अपूर्णांकात सांगण्याचा शिरस्ता आहे : १/१०, १/८, १/५. खऱ्या वाहनाच्या आठव्या हिश्श्याएवढी ती १/८ मोटार, असा याचा सरळ अर्थ. मात्र मातीवरच्या मोटारींत तो फारसा शब्दशः घेऊ नये. अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेला आणि पुढे अतोनात लोकप्रिय झालेला टी-मॅक्स हा ट्रक कागदोपत्री १/१० मापाचा, पण १/८ मापाच्या ‘बग्गी’ जातीच्या शर्यतीच्या मोटारीशेजारी ठेवला तर तिच्याहून लहान मुळीच दिसत नाही. म्हणून जाणकार मनुष्य अपूर्णांकापेक्षा एंजिनच्या घनफळाकडे आधी पाहतो. हे घनफळ घन इंचाच्या शतांशांत मोजण्याची रूढी असल्यामुळे या मंडळींच्या बोलण्यात ‘बारा’, ‘पंधरा’, ‘एकवीस’, ‘अठ्ठावीस’ असे आकडे येतात. त्यांची घन सेंटिमीटरांतील किंमत अनुक्रमे सुमारे २, २.५, ३.५ आणि ४.६ इतकी होते.

वाहन आठपट लहान करता येते, पण ज्या जमिनीवरून ते जावयाचे ती लहान करता येत नाही, ही या साऱ्या विषयातील मूळची अडचण होय. सुपारीएवढा खडा खऱ्या मोटारीच्या चाकाला जाणवतही नाही. १/८ मापाच्या बग्गीपुढे तोच खडा नारळाएवढा होऊन बसतो. याच्या उलट वजनाचा हिशेब मोटारीच्या बाजूने लागतो, कारण लांबी आठव्या हिश्श्यावर आली की घनफळ ५१२ व्या हिश्श्यावर येते, म्हणजे सोळाशे किलोंच्या मोटारीची तंतोतंत प्रतिकृती तीन किलोंच्या आसपास भरते. शर्यतीतील १/८ बग्गीचे किमान वजन ३.२ किलो ठरविलेले आहे, आणि एवढ्या हलक्या देहाला पुरुषभर उंचीवरून आपटूनही बहुधा काही होत नाही. लहान होण्याचा हा लाभ पदरात पाडून घ्यावा आणि खड्यांचा उपद्रव मात्र सोसवेल इतका राहावा, असे माप शोधता शोधता जगभरचे शर्यतवाले १/८ वर येऊन स्थिरावले. १/१६ वा १/१८ मापाच्या इंधनी मोटारीही निघाल्या, पण मातीत त्यांची चाके प्रत्येक ढेकळाशी झगडत बसतात, आणि नखाएवढ्या कार्बुरेटरची सुई जुळविणे म्हणजे निव्वळ सत्त्वपरीक्षा.

आकृतीवरून पाहिले तर बग्गी ही बुटकी, चारही चाके उघडी, पाठीवर मोठा पंख असलेली आणि चारही चाकांना शक्ती देणारी. तिचाच सांगाडा लांब-रुंद करून मोठी चाके चढविली की ट्रगी होते. खडबडीत मैदानावर ती बग्गीपेक्षा स्थिर चालते. मॉन्स्टर ट्रकची चाके अवाढव्य आणि पोट जमिनीपासून उंच. तो शर्यतीसाठी नसून गवत, दगड, पायऱ्या तुडविण्यासाठी आहे. एच.पी.आय. कंपनीचा सॅव्हेज हा त्या घराण्यातील नामांकित. फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती देणारा १/१० मापाचा स्टेडियम ट्रक एके काळी अमेरिकेत फार चालला, आता तो क्वचित दिसतो.

आता एंजिनकडे वळू. १/१० आणि १/८ मापांच्या मोटारींतील इंधन पेट्रोल नव्हे. मिथेनॉल, त्यात साधारण दहापासून तीस टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, आणि वंगणासाठी तेल असे ते मिश्रण असते. हे तेल कृत्रिम असते किंवा चक्क एरंडेल. लहानपणी नाक दाबून घोटलेल्या त्या औषधाचा असा पराक्रमी उपयोग होत असेल अशी कल्पना कोणा मराठी माणसाला सहसा असत नाही. नायट्रोमिथेन स्वतःच प्राणवायू बरोबर घेऊन येत असल्यामुळे तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. स्फोटक द्रव्यांच्या कच्च्या मालात त्याची गणना होत असल्याने युरोपीय संघाने २०२१ पासून सोळा टक्क्यांवरील मिश्रण परवान्याशिवाय सामान्य ग्राहकास विकण्यास मनाई केली आहे.

एंजिन पेटविण्यासाठी ठिणगी नसते. सिलिंडरच्या माथ्यावरील ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे एक वेटोळे असते. हातातील इग्नायटरने दीड व्होल्टचा प्रवाह देऊन ते लाल केले, आणि मोटार स्टार्टर बॉक्सवर दाबून फ्लायव्हील फिरविले की एंजिन कर्कश आवाजात जागे होते. त्यानंतर इग्नायटर काढून घेतला तरी तार विझत नाही, कारण मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने व ज्वलनाच्या उष्णतेने ती तापलेलीच राहते. एंजिन थंड असताना पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकाशी मुद्दामच घट्ट बसविलेला असतो. धातू तापून प्रसरण पावला म्हणजे तो योग्य जागी मोकळा होतो आणि मग मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेतो. वंगण इंधनातूनच येत असल्यामुळे, वेगाच्या हव्यासाने सुई आवळून इंधन कमी करणारा उतावळा मालक तेलही तोडत असतो. नव्या एंजिनांचा अकाली अंत बहुतांशी याच कारणाने होतो.

या यंत्राची खरी कसोटी शर्यतीत लागते. १/८ मापाच्या इंधनी बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे झाली. एंजिन ३.५ घन सेंटिमीटरपर्यंत, टाकी १२५ घन सेंटिमीटरची, आणि अंतिम शर्यत तासाभराची अशी तरतूद असल्यामुळे इंधन पुरत नाही व दर आठ-दहा मिनिटांनी मोटार पिटमध्ये आणावीच लागते. चालक उंच मचाणावर उभा; खाली त्याचा मेकॅनिक वाकून मोटार उचलतो, टाकीचे झाकण उघडून बाटली दाबतो आणि दोन-तीन सेकंदांत तिला पुन्हा धुळीत सोडतो. या दोघांतील मेळ बिघडला तर उत्तम एंजिनही हरते, आणि म्हणूनच हा खेळ मला निव्वळ बोटांच्या कसबाचा वाटत नाही.

१/५ मापाचे जग याहून वेगळे. तेथे पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळून चालणारे, स्पार्क प्लग असलेले २३ ते ३२ घन सेंटिमीटरचे एंजिन असते, आणि त्याचा वंश थेट गवत कापण्याच्या यंत्रांशी जाऊन भिडतो. जपानच्या झेनोआ कंपनीची अशी एंजिने या मोटारींत वर्षानुवर्षे बसविली गेली. एच.पी.आय.ने २००६ साली काढलेल्या बाहा ५बी या बग्गीचा आदर्श मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया वाळवंटात १९६७ पासून होत आलेल्या शर्यतींतील वाहनांचा. वजन दहा किलोंच्या घरात, टाकी भरली की अर्ध्या तासाहून अधिक धावते, आणि खड्यांची तिला फारशी क्षिती नसते. मात्र दहा किलोंचा हा गोळा ताशी साठ किलोमीटरने एखाद्याच्या नडगीवर आला तर काय होईल याचा विचार करून, संदेश तुटताच ब्रेक लावणाऱ्या फेलसेफची तजवीज केल्याखेरीज ती मैदानात उतरवू नये.

ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटऱ्या आल्यापासून १/१० मापातील इंधनी मोटारींचे राज्य जवळजवळ संपुष्टात आले आहे. तरीही पवईच्या आय.आय.टी.तील टेकफेस्टसारख्या महोत्सवांत विद्यार्थ्यांनी इंधनी मोटारी पळविल्या आहेत, कारण बॅटरी जे शिकवीत नाही ते हे हट्टी एंजिन शिकविते. आपल्याकडे नायट्रोमिथेनचे इंधन महाग व दुर्मिळ, शिवाय ज्वालाग्राही म्हणून साध्या हवाई टपालाने मागविण्याची मुभा नाही. तेव्हा ज्याच्यापाशी मोकळे मैदान आणि दांडगी ऐपत आहे त्याने १/५ ची पेट्रोल मोटार घ्यावी, पेट्रोल कोठेही मिळते. ज्याला नायट्रोमिथेनवर चालणारीच हवी त्याने १/८ ची बग्गी घ्यावी आणि एक नियम न चुकता पाळावा : मिथेनॉल हवेतील ओल शोषून बेअरिंगांना गंज चढविते, म्हणून दिवसअखेर टाकी रिकामी करावी, आत उरलेले इंधन एंजिन चालवूनच संपवावे, एंजिनमध्ये तेलाचे चार थेंब सोडावेत, आणि पिस्टन खालच्या टोकाला आणून मगच मोटार फडताळात ठेवावी.