गियर पडतो, पण गाडी हलत नाही!

मिक्सरची मोटार गरगर फिरतेय, पण भांड्यातली चटणी जागची हलत नाही, असं तुमच्याकडे कधी तरी झालंच असेल. मोटार गेली म्हणून आपण धास्तावतो आणि दुकानदार खालचा काळा कपलर बदलून देतो. गेल्या श्रावणात आमच्या पिकअपचं अगदी हेच झालं.

पहाटे ७० क्रेट टोमॅटो भरून आम्ही दोघं संगमनेरहून नारायणगावच्या बाजाराला निघालो होतो. ड्रायव्हर सुटीवर, म्हणून हेच चालवत होते. घारगाव मागे पडलं. एका चढावर यांनी गियर बदलला आणि खालून ‘धाड्’ असा आवाज आला. इंजिन चालू, गियर पडतोय, पण क्लच सोडला की नुसतीच घरघर! वर गाडी मागे सरकायला लागली. यांनी हँडब्रेक ओढला, मी उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. गाडी गियरमध्ये ठेवली की जागेवर राहते, असं आपण धरून चालतो ना? पण इंजिन आणि चाकं यांच्यातला दुवाच तुटला, तर गियर गाडीला धरणार कसा?

एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. स्टिअरिंगवर बसून दोनदा गियर टाकून बघितला आणि म्हणाला, “वहिनी, गिअरबॉक्स गेला. ४० हजार धरून चाला.” यांचा चेहरा पडला. आमच्या घरचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे ४० हजार म्हणजे काय ते मला ठाऊक! मी म्हटलं, “भाऊ, आधी खाली बॅटरी मारून बघा की!”

इंजिन बंद करून त्याने बॅटरी मारली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागच्या बाजूने सुटून रस्त्यावर टेकला होता. त्याच्या सांध्यातला ‘क्रॉस’ तुटला होता. गिअरबॉक्स ठणठणीत!

शाफ्ट शाबूत दिसला असता तर? तेव्हा सपाट जागी चाकांना दगड लावायचे, एकाने आत बसून गियर टाकून क्लच हळूच सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला, लांब उभं राहून बघायचं. शाफ्ट फिरतोय पण चाकं नाहीत, तर बिघाड मागे, डिफरन्शियलमध्ये किंवा एक्सलमध्ये. एका बाजूचा एक्सल तुटला तरी सगळा जोर तिकडेच फुकट जातो. शाफ्टच फिरत नसेल, तर क्लच किंवा गिअरबॉक्स. क्लचप्लेट सहसा एकदम जात नाही. चढावर इंजिन ओरडतं, गाडी रेंगाळते, जळका वास येतो, असं काही दिवस आधीपासून चालू असतं. आणि क्लच सोडताच इंजिन बंद पडलं, तर दुवा शाबूत आहे, अडकलेला ब्रेक बघा. इंजिन चालू असताना गाडीखाली मात्र कुणीही शिरायचं नाही. पदर, ओढणी खोचलेलीच बरी.

खरं सांगू? आमच्या गाडीने महिनाभर आधी सांगितलं होतं. रिव्हर्स टाकला की ‘टक्’ वाजायचं, वेग वाढला की सीटखाली थरथर. मी दोनदा बोललेही. “अगं, रस्ताच खराब आहे,” हे यांचं उत्तर!

शाफ्ट काढताना दोन्ही तोंडांवर खडूने खूण करायला लावली, कारण तो होता तसाच बसला नाही तर पुन्हा थरथरतो. नवा क्रॉस आणि मजुरी मिळून १,८०० रुपये गेले. टोमॅटो दुसऱ्या गाडीत भरून पाठवले, पण लिलावाची वेळ टळली आणि भाव पडूनच मिळाला. ते नुकसान वेगळंच.

जुना क्रॉस मी मागून घेतला. टोपी उघडली तर आत ग्रीसचा टिपूस नाही, नुसती कुंकवासारखी लाल भुकटी. तो आता आमच्या ओट्यावर आहे. ग्रीसिंगची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मीच लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी.