खरूज औषधाला दाद देत नाही म्हणण्यापूर्वी

दिवा मालवला, पांघरुणात जरा ऊब आली, की बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि करगोट्याखाली खाज उसळते. मलम आणून लावलं, काही दिवस बरं वाटलं, महिन्याभरात पुन्हा तेच. मग दुसरं मलम, तिसरं लोशन. शेवटी घरातलं कुणीतरी सांगून टाकतं, "हल्ली खरूज औषधाला दादच देत नाही." हे साफ खोटं नाही. पण एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी कोंबलेल्या आहेत: औषध किड्यापर्यंत पोचलंच नाही ही एक, आणि पोचूनही किडा मेला नाही ही दुसरी. प्रतिरोध फक्त दुसरीला म्हणायचं.

किडा तरी कोणता? वांग्यावर, कापसावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्यांच्या ओळखीचा असतो. खरजेचा जीव त्याच मोठ्या कुळातला, आठ पायांचा. शास्त्रीय नाव सार्कोप्टिस स्केबिई. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ती कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरात बोगदा खणते आणि महिना-दीड महिना रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते.

"मलम लावूनही खाज आहे, म्हणजे किडा जिवंत आहे." सर्वांत जास्त घोळ या समजुतीने घातला आहे. खाज किडा चावल्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराने उठवलेली ती ओरड असते. म्हणून पहिल्यांदा लागण झाली की चार ते सहा आठवडे काही जाणवतही नाही. पूर्वी खरूज होऊन गेली असेल, तर मात्र एक-दोन दिवसांत खाज सुटते. किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष कातडीत राहतात, ती कातडी झडेपर्यंत दोन ते चार आठवडे खाज टिकू शकते. काखेत किंवा जांघेत उठलेल्या गाठी तर कधी काही महिने रेंगाळतात. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या अंगावर सगळे मिळून दहा-पंधराच किडे असतात, खाजतं मात्र अंगभर. या काळात घाबरून रोज मलम चोपडलं, तर कातडी कोरडी पडून चुरचुरते आणि त्यानेही खाजतं. मग तेही प्रतिरोधाच्या खात्यावर जमा! चार आठवडे उलटूनही नवे पुरळ, नवे बोगदे दिसत असतील तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

"जिथे खाज, तिथे मलम" हाही तसाच समज. 5 टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, इंचभरही न सोडता लावायचं असतं. नखांखाली, बेंबीत, जननेंद्रियांवर, पायांच्या बोटांमध्ये. तान्ह्या बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डोक्यालाही. ते आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवं. आता नेहमीचं घर डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी सगळ्यांना मलम लावून झालं, मग त्या घरातली बाई कणीक मळायला बसली, भांडी घासली, मुलाला धुतलं. तिच्या हातावर मलम उरलं किती? किड्यांची आवडती जागा तर हातच. दर वेळी हात धुतल्यावर तिथे पुन्हा लावायचं, हे तिला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. चिठ्ठीवर "रात्री लावणे" एवढंच.

आठवड्याने दुसऱ्यांदा लावणंही असंच राहून जातं, कारण तोवर बरं वाटायला लागलेलं असतं. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पोटात घ्यायचं आयव्हरमेक्टिन अंड्यांना मारत नाही, म्हणून त्याचाही दुसरा डोस एक-दोन आठवड्यांनी लागतो. तो चुकला की नवी पिढी मोकळी.

"ज्याला खाजतंय त्यालाच औषध" या समजुतीला फिजी बेटांवरच्या एका प्रयोगाने चोख उत्तर दिलं. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात खाज असो वा नसो, गावातल्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं. ज्यांना ते चालत नव्हतं त्यांना पर्मेथ्रिन. तिथलं खरजेचं प्रमाण वर्षभरात 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्याही खाली आलं. दुसऱ्या गटात फक्त रुग्णांवर आणि त्यांच्या निकटच्या माणसांवर उपचार झाले. तिथे ते 37 वरून 19 टक्क्यांवर थांबलं. औषध नवं नव्हतं, पण सगळ्यांनी एकदम घेतल्याने मोठा फरक पडला. आपल्याकडे वसतिगृहात एका मुलाला घरी पाठवतात आणि त्याचे खोलीतले सोबती मजेत झोपतात. तो बरा होऊन परततो, पंधरा दिवसांत पुन्हा खाजवू लागतो, आणि ठपका मलमावर.

गाद्या-चादरी उकळण्याचा सोस मात्र थोडा आवरायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलान्बी या शास्त्रज्ञाने सैन्यात जायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे त्यांना घालायला दिले, त्यांच्या घोंगड्यांत झोपवलं. लागण झाली ती मोजक्यांनाच. खरा प्रसार अंगाला अंग लागून होतो, हे त्यातून कळलं. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांत मरतो. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुतल्या, किंवा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या, की झालं. अपवाद खपल्यांच्या खरजेचा. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाच्या अंगावर किडे हजारो-लाखोंनी वाढतात, झडणारी प्रत्येक खपली भरलेली असते. तिथे सगळी काळजी घ्यावी लागते.

बरं, मग प्रतिरोध ही निव्वळ सबब? तसंही नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात खपल्यांच्या खरजेच्या दोन रुग्णांनी काही वर्षांत आयव्हरमेक्टिनचे अनुक्रमे 30 आणि 58 डोस घेतले होते. त्यांच्यातले किडे या औषधाला पुरून उरल्याची नोंद 2004 मध्ये झाली. पर्मेथ्रिनचं कोडं आणखी जवळचं. हे औषध किड्याच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं, त्यामुळे त्याला लकवा मारतो. त्या दाराच्या घडणीत एखादा बारीक बदल झाला की औषधाला धरायला जागा उरत नाही. घरमाशी आणि डासांमध्ये हा प्रकार पूर्वीपासून माहीत होता. माणसाच्या खरजेच्या किड्यांतही तसा बदल सापडल्याचं ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2023 मध्ये जाहीर केलं. त्याच देशातल्या एका चाचणीत बेंझिल बेंझोएट हे दुसरं औषध लावलेल्यांपैकी सुमारे 87 टक्के बरे झाले, पर्मेथ्रिन लावलेल्यांपैकी सुमारे 27 टक्केच. हे आकडे तिथले आहेत, जसेच्या तसे आपल्या गावाला चिकटवता येणार नाहीत. तरी कानाडोळा करण्यासारखेही नाहीत.

इथे आणखी एक गैरसमज डोकावतो: "माझ्या अंगाला औषधाची सवय झाली." सवय अंगाला लागत नाही, किड्यांची निवड होते. एकाच औषधाची अर्धवट फवारणी करत राहिलं की मरणारे कोळी मरतात आणि तगणाऱ्यांचंच पीक येतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अर्धवट लावलेलं मलम कातडीवर तेच करतं. म्हणजे सुरुवातीला ज्या दोन तक्रारी वेगळ्या केल्या, त्यांतली पहिली पुढे दुसरीला जन्म देऊ शकते.

"मग तपासणी करून खात्री करू" म्हणाल, तर लघवीचं कल्चर करून कोणतं अँटिबायोटिक चालेल ते ठरवतात, तशी सोय इथे नाही. हा किडा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, त्याला जिवंत कातडी लागते. जनुकीय तपासण्या संशोधनापुरत्या. त्यामुळे प्रतिरोधाचा निष्कर्ष डॉक्टर शेवटी काढतात, बाकी सगळ्या शक्यता एकेक करून खोडल्यावर.

त्यातली एक शक्यता अशी, की ती मुळात खरूज नसेलच. नायटा म्हणजे बुरशी, तिची औषधं निराळी. भारतात टर्बिनाफिनला न जुमानणारा नायटा गेल्या काही वर्षांत खूप बोकाळला आहे आणि लोक दोन्हींना सरसकट "खाज" म्हणतात. दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्रण-मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, पुरळाचं रूप पालटतं आणि ओळखणं अवघड होतं. आणि ती खरूजच असेल, तर आत किडे मजेत वाढत राहतात.

आणि खरंच पर्मेथ्रिन हरलं असेल तर? बेंझिल बेंझोएट आहे, गंधकाचं जुनं मलम आहे. वास मारतं, कपडे खराब करतं, पण तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांनाही वापरतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत, पण 15 किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या सहसा देत नाहीत, आणि वजनावरून ठरलेला डोस मनाने वाढवायचा नाही. यातलं काय आणि कितीदा, ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्याकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्यासुद्धा. आणि घरात ज्याने मलम लावलं नाही, त्या माणसालाही सोबत न्यावं.