लॅपटॉप हँग होतो तेव्हा नक्की काय अडतं?

चित्र काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की आपण ‘ए-फोर, ३०० डीपीआय’ निवडतो आणि कामाला लागतो. त्या कोऱ्या पानात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे प्रत्येक पिक्सेलमागे साठवावे लागतात. साध्या ८-बिट रंगात प्रत्येक आकड्याला एक बाइट धरला, तरी पूर्ण रंगवलेला एक लेयर ३५ एमबी मेमरी घेतो. असे वीस लेयर झाले की ७०० एमबी. हेच पान ६०० डीपीआयचं केलं तर लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात, म्हणून हिशेब चौपट होतो: २.८ जीबी. वर १६-बिट रंग निवडला, तर साडेपाच जीबी.

आता ४ जीबी रॅमचा, आठ-दहा वर्षं वापरलेला लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. विंडोज १० स्वतःसाठीच दीड-दोन जीबी घेऊन बसतं. ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसेल तर तोही वाटा याच रॅममधून जातो. शेजारी ब्राउझरमध्ये संदर्भासाठी फोटो उघडे असतात. लॅपटॉप अडतो तो इथे, या बेरजेत. कला महाविद्यालयात शिकणारी कितीतरी मुलं सेकंडहँड लॅपटॉपवर काम करतात आणि तो हँग झाला की त्यांना एकच सल्ला मिळतो: जुना झालाय, नवा घ्या. ज्या घरात तो पहिला लॅपटॉपच कसाबसा आलेला असतो, तिथे हा सल्ला म्हणजे शिकणं थांबवणं. म्हणून आधी नेमकं काय अडतंय ते शोधावं असं मला कळकळीने वाटतं, आणि ते शोधता येतं.

रॅम संपली म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही. त्या क्षणी न लागणारा मजकूर तो डिस्कवर हलवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅटलस’ या संगणकात १९६२ मध्ये आली. आज तिला आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. अडचण वेगाची आहे. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क एका फेरीलाच ११ मिलिसेकंद घेते. म्हणजे हवी ती माहिती डिस्क वाचणाऱ्या काट्याखाली येईपर्यंत रॅमच्या तुलनेत लाखभर पट वेळ जातो.

ओटा लहान आणि निम्मी भांडी माळ्यावर असली तरी स्वयंपाक होतो, पण फोडणी घालताना दर मिनिटाला शिडी चढायची वेळ आली तर स्वयंपाक राहतो बाजूला आणि चढउतारच चालू राहते. संगणकाची नेमकी हीच अवस्था पीटर डेनिंग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये उलगडून दाखवली. एखाद्या कामाला एका वेळी जेवढी मेमरी खरोखर लागते, तेवढी मिळाली नाही की वेग हळूहळू उतरत नाही, तो कोसळतो. एकोणीस लेयरपर्यंत सुरळीत चाललेलं चित्र विसाव्या लेयरला एकदम थिजतं, ते यामुळे.

हे डोळ्यांनी बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, तो चित्राच्या बाजूला ठेवा आणि नेहमीसारखी एक लांब रेषा ओढा. मेमरीचा आकडा नव्वदीच्या पुढे, डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर जवळपास रिकामा असं दिसलं, तर निदान झालं. अशा वेळी खिडकी पांढुरकी पडते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी येते. पाच सेकंद खिडकीने विंडोजच्या निरोपाला उत्तर दिलं नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ. सॉफ्टवेअर आत काम करत असू शकतं. डिस्कचा आकडा हलता असेल तर ‘एंड टास्क’ दाबू नका, चार-पाच मिनिटं थांबा. सेव्ह न केलेलं चित्र पुष्कळदा या घाईतच जातं.

क्रिटा हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आपल्याकडेही बरेच विद्यार्थी वापरतात, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. क्रिटा चित्राचे ६४ गुणिले ६४ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि ज्या चौकोनात रंग आहे त्याच्यासाठीच मेमरी खर्च करतं. त्यामुळे रिकामा लेयर जवळजवळ फुकट असतो. खरा खर्च बरेचदा ‘अनडू’चा असतो. मागे जाता यावं म्हणून प्रत्येक फटकाऱ्याने बदललेल्या चौकोनांची जुनी प्रत जपून ठेवावी लागते. डोळा रंगवताना हे चौकोन मोजकेच असतात, पण रुंद ब्रशने आकाश रंगवताना एकेका फटकाऱ्यात निम्मं पान बदलतं. म्हणजे दर वेळी सतरा-अठरा एमबी, आणि चाळीस फटकाऱ्यांत ७०० एमबी. लेयर मात्र एकच दिसतो! अनडूची पावलं सेटिंगमध्ये कमी करता येतात. पार्श्वभूमी पक्की झाली की फाइल सेव्ह करून बंद करावी आणि पुन्हा उघडावी. तो सगळा इतिहास गळून पडतो.

याच सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ या पानावर मेमरीची मर्यादा असते. मूळ मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते, आणि ती ऐंशी टक्क्यांवर नेली की वेग वाढेल असं साहजिकच वाटतं. ४ जीबीच्या यंत्रावर घडतं उलटंच. मर्यादा आली की कोणते चौकोन डिस्कवर हलवायचे हे क्रिटा स्वतः ठरवतं, आणि चित्र त्याला ठाऊक असतं. मर्यादा वाढवली की हा निर्णय विंडोजकडे जातो, ज्याला चित्रातलं काहीच कळत नाही. मर्यादा आहे तिथेच ठेवावी आणि ब्राउझर बंद करावा.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शांत आणि प्रोसेसर तापलेला दिसला, तर गाठ ब्रशशी आहे. डिजिटल ब्रशची रेषा म्हणजे एकामागोमाग उमटवलेले गोल ठसे. हजार पिक्सेल रुंद ब्रशच्या एका ठशात सुमारे ७ लाख ८५ हजार पिक्सेल येतात. ठशांमधलं अंतर रुंदीच्या दहा टक्के धरलं, तर दोन हजार पिक्सेलच्या रेषेत वीस ठसे, म्हणजे दीड कोटीहून अधिक पिक्सेलांची आकडेमोड होते. तीच रेषा पन्नास पिक्सेलच्या ब्रशने ओढली तर काम विसाव्या हिश्श्याचं. ठशांमधलं अंतर पाचवरून दहा टक्के केलं की काम निम्मं होतं, आणि मऊ कडेच्या ब्रशमध्ये डोळ्याला सहसा फरक कळत नाही. क्रिटात २०१६ पासून ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ आहे. त्यात फटकारा आधी लहान प्रतीवर दिसतो, पूर्ण आकाराचं काम मागून होतं. मोठ्या ब्रशसाठी ते चालू ठेवावं.

एक तक्रार या दोन्हींत बसत नाही: रेषा मध्ये अडखळत नाही, पण सुरू व्हायलाच उशीर लागतो आणि पेनच्या टोकाभोवती एक छोटं वर्तुळ फिरतं. हे हँग होणंच नव्हे. पेन दाबून धरलं म्हणजे राइट क्लिक, अशी विंडोजची समजूत असते आणि तुम्ही दाबून धरताय का हे विंडोज बघत असतं. पेनच्या सेटिंगमधली ही सोय बंद केली की उशीर जातो.

पहिली वीस मिनिटं छान आणि नंतर सगळंच मंद, असं असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. जुन्या लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असते आणि प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असते. गादीवर ठेवून काम केलं की खालची हवाही अडते. सफाई आणि नवी पेस्ट हे चांगल्या कारागिराचं तासाभराचं काम आहे. लॅपटॉप त्यासाठी उघडणारच असाल, तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. तिची वाट बघण्याची वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे जुन्या डिस्कपेक्षा शंभरपट कमी असते. रॅमची रिकामी खाच आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं. काही मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही. अशा यंत्रावर ३०० डीपीआय आणि ८-बिट रंग यांतच चित्र बसवावं. ए-फोर छपाईला ते पुरतं.