बिझनेस लॅपटॉपची दुरुस्ती आणि बढती (अपग्रेड) : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिझनेस लॅपटॉप म्हणजे कंपन्यांना घाऊक विकण्यासाठी बनवलेले यंत्र. लेनोव्होची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक ही त्यातली ओळखीची घराणी. मोठ्या कंपन्या अशी यंत्रे काही वर्षे वापरून बदलतात. मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सेकंड हँड म्हणून लहान शहरांकडे येतात. पेणच्या गणपती कारखान्यातल्या ऑर्डरींचा हिशेब, करसल्लागाराची जीएसटी विवरणपत्रे, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटदाराची हजेरी असली कामे करायला हे यंत्र पुरून उरते. बांधणी दणकट असते, तळाचे झाकण स्क्रू काढून उघडता येते आणि उत्पादकाची दुरुस्ती-पुस्तिका विनामूल्य मिळते. तरीही किरकोळ बिघाडापायी अशी यंत्रे भंगारात जातात किंवा न बसणारे सुटे भाग विकत आणले जातात. त्याच्या मुळाशी काही पक्के बसलेले समज आहेत.

त्यातला सर्वांत महाग समज म्हणजे ‘चालू होत नाही, मदरबोर्ड गेला’. मदरबोर्ड हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. यंत्र पूर्ण निपचित असेल, तर चार्जर काढून, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. बोर्डावर अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि काही यंत्रे तेवढ्यानेच उठतात. बॅटरी आत बंद असलेल्या अनेक थिंकपॅडांच्या तळाशी याच कामासाठी टाचणीएवढे भोक असते. त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची असते.

दिवा लागतो पण पडद्यावर काही येत नाही, अशा वेळी यंत्र स्वतःच दुखणे सांगत असते. अनेक लॅटिट्यूड मॉडेलांत दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा लुकलुकतो. दोन नारिंगी आणि तीन पांढरे म्हणजे रॅम सापडली नाही, तीन नारिंगी आणि एक पांढरा म्हणजे नाण्याच्या आकाराची छोटी बॅटरी संपली. दुसऱ्या प्रकारात दुरुस्तीचा खर्च एका कॉइन सेलपुरता असतो. एचपीच्या यंत्रांत कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा अशीच खूण देतो, थिंकपॅड बीप वाजवतात. या खुणांचे कोष्टक त्या-त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते न पाहता बोर्ड बदलायला सांगणाऱ्याकडे यंत्र सोडू नये. त्यानंतर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून पाहावी आणि बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. मॉनिटरवर चित्र आले, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे.

रॅमची पट्टी काढली की तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायची पद्धत दुकानोदुकानी दिसते. बऱ्याचदा यंत्र त्यानंतर सुरूही होते. पण श्रेय बहुधा पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याला असते. दातांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, रबर त्याला झिजवतो आणि त्याचा भुगा खाचेत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, धागे न सुटणारे कापड हे काम बिनधोक करते. रासायनिक कारखान्यांच्या परिसरात या सफाईला जास्त अर्थ आहे. हवेत गंधकयुक्त किंवा क्लोरीनयुक्त वायूंचा अंश असेल, तर तांबे आणि चांदी काळवंडतात, जोड कच्चे होतात. औद्योगिक नियंत्रण कक्षांसाठीच्या मानकात तांब्याच्या पट्टीवर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी गंज चढला, तर हवा सौम्य मानली जाते. एवढ्या सूक्ष्म थरालाही तिथे मोजदाद आहे. काही महिन्यांच्या अंतराने तीच ती रॅम ‘सापडेनाशी’ होत असेल, तर पट्टी बदलण्याआधी यंत्र कुठे ठेवले जाते ते पाहावे.

‘हळू चालतो, रॅम वाढवा’ हा दुसरा समज. कधी तो खरा असतो, पण टास्क मॅनेजर उघडून खात्री करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मेमरी साठ टक्क्यांवर आणि डिस्क सतत शंभरावर असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी लॅपटॉपची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, साटा एसएसडी ५५० पर्यंत, तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवरची एनव्हीएमई एसएसडी ३५०० पर्यंत जाते. विखुरलेल्या बारीक फायली वाचताना फरक आणखी मोठा असतो, कारण हार्ड डिस्कचा काटा दर वेळी नवी जागा शोधत फिरतो. जुन्या यंत्रात एकच खर्च परवडत असेल, तर तो एसएसडीवर करावा.

हळूपणाचे एक कारण मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात येते, ते म्हणजे चार्जर. गोल पिन असलेल्या डेलच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई वीज नेत नाही, ती चार्जरची ओळख यंत्राला कळवते. ती वाकली किंवा पिनेजवळ केबल आतून तुटली, की यंत्राला चार्जर किती वॅटचा ते समजत नाही. मग ते बॅटरी चार्ज करणे थांबवते आणि प्रोसेसरचा वेगही उतरवते. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की कालपर्यंत चांगला चालणारा लॅपटॉप आज रखडतो आहे. एसएसडी, रॅम, नवी विंडोज असे सगळे घालूनही तो रखडतच राहतो. चालू होताना ‘अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, तो न वाचता एंटर दाबला जातो. ‘पिन बसते म्हणजे चार्जर चालतो’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. यूएसबी-सी चार्जरलाही हेच लागू पडते. ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर पुरत नाही.

तिसरे कारण उष्णता, आणि इथे पेणची हवा स्वतंत्र विचार करायला लावते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अर्धजलीय कॅल्शियम सल्फेट. पाणी मिळाले की त्याचे जिप्सम होऊन ते घट्ट बसते, मूर्ती साच्यातून निघते ती याच गुणामुळे. कारखान्यात कोरडे प्लास्टर ओतताना-कालवताना उडणारी भुकटी लॅपटॉपचा पंखा आत खेचतो. ती हीटसिंकच्या पातळ पाकळ्यांत साचते आणि पावसाळी दमटपणात तिचा थर घट्ट होतो. साधी धूळ फुंकरीने उडते, हा थर उडत नाही. शाडूची माती तशी बसत नसली तरी रंगाच्या फवाऱ्याचे चिकट कण तिला धरून ठेवतात. अशा वेळी मदतीला येतो तो शेजारीच घुमणारा रंगाचा कंप्रेसर. ‘हवा मारली की साफ’ हा समज कारखान्यांच्या गावात पसरला नसता तरच नवल. त्या कंप्रेसरच्या हवेत तेलाचा आणि पाण्याचा अंश असतो, दाब जास्त असतो आणि त्या झोताने पंखा आपल्या मर्यादेपलीकडे फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. योग्य रीत अशी : यंत्र बंद करून झाकण उघडावे, बॅटरीची जोडणी सोडवावी, पंखा काढून किंवा काडीने रोखून मऊ ब्रशने पाकळ्या मोकळ्या कराव्यात. हीटसिंक उचलला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. ही पेस्ट धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरती असते. जास्त लावली म्हणून यंत्र जास्त थंड राहत नाही. लॅपटॉप कामाच्या जागेपासून दूर, दार लागणाऱ्या खोलीत ठेवणे हा अर्थातच यापेक्षा स्वस्त इलाज.

बिझनेस लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकाचा उल्लेख असतो. त्यावरून ‘पाणी पडले तरी काही होत नाही’ असे समजले जाते. मानकात पुष्कळ चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते उत्पादक ठरवतो. शिक्का जलरोधकतेची हमी देत नाही. अनेक मॉडेलांच्या कीबोर्डाखाली पाणी वाहून जाण्याच्या वाटा असतात, त्या कपभर सांडलेल्या पाण्यापासून वेळ मिळवून देतात, एवढेच. भिजलेले यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय तर निरुपयोगीच. तांदूळ बोर्डावरच्या चिपांखालचे पाणी ओढू शकत नाही आणि तोवर गंज आपले काम करतो. वीज ताबडतोब तोडणे, बॅटरी सोडवणे, यंत्र उलटे धरणे, सुरू करून ‘बघण्याचा’ मोह टाळणे आणि बोर्ड अल्कोहोलने धुऊन घेणे हाच क्रम उपयोगी पडतो. चहा सांडला असेल तर घाई आणखी, कारण साखर आणि दूध वाळून चिकटतात.

पाणी न सांडताही बोर्ड भिजू शकतो. मीठ ७५ टक्क्यांहून जास्त सापेक्ष आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि रायगडच्या किनारी भागात जुलै-ऑगस्टमध्ये हवा याहून दमट असते. पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या वाऱ्यावर आलेले मिठाचे कण बोर्डावर बसले असतील, तर त्यांचा वीजवाहक ओलसर पापुद्रा तयार होतो. उन्हाळ्यात बिनतक्रार चाललेले यंत्र श्रावणात आपोआप कळा दाबू लागते किंवा चार्ज होईनासे होते, त्यामागे हे कारण असू शकते. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ चालवावे. त्याची स्वतःची ऊब आतला ओलावा घालवते.

बढती देताना ‘रॅम ती रॅम’ आणि ‘एसएसडी ती एसएसडी’ हे दोन समज एकाच जातीचे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि विजेचा दाबही वेगळा, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. फसवणूक होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. आकार एकच, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर, आणि फक्त कमी दाबाची रॅम घेणारे यंत्र पहिली नाकारते. शिवाय रॅम वाढवता येते हेच गृहीत धरू नये. २०१८ च्या थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि एलिटबुक ८४० जी५ मध्ये रॅमसाठी दोन खाचा आहेत. टी४८०एस मध्ये थोडी रॅम बोर्डाला डाखलेली आणि एकच खाच. एक्स१ कार्बनमध्ये सगळीच डाखलेली, म्हणजे विकत घेताना होती तेवढीच कायम. प्रोसेसर बदलण्याचा विचार तर अलीकडच्या कुठल्याच बिझनेस लॅपटॉपबाबत करू नये, तो बोर्डालाच जोडलेला असतो.

एम.२ हे नाव फक्त आकाराचे आहे. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही एसएसडी मिळतात आणि काही यंत्रे एकच प्रकार ओळखतात. लांबीही पाहावी लागते : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब. सिमकार्डाच्या मोडेमसाठी ठेवलेली रिकामी खाच एसएसडीसाठी चालेलच असे नाही.

बॅटरीबाबत थोडक्यात. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, पूर्ण उतरू द्या हे नियम निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले आहेत. लिथियम-आयनला पूर्ण उतरणे आणि दिवसरात्र शंभर टक्क्यांवर, त्यातही गरम जागी राहणे, या दोन्हींचा त्रास होतो. बिझनेस लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, टेबलावरच्या यंत्रात ती वापरावी. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा वापर लगेच थांबवावा, ती टोचू किंवा दाबू नये.

सेकंड हँड यंत्रात बायोसला पासवर्ड निघाला, तर ‘कॉइन सेल काढला की उडतो’ असे छातीठोक सांगितले जाते. जुन्या डेस्कटॉपवर ते चालत असे. बिझनेस लॅपटॉपमध्ये पासवर्ड वीज गेली तरी टिकणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये असतो. खरेदीच्या वेळी बायोस उघडून पाहणे हाच मार्ग. तिथेच यंत्र मूळ कंपनीच्या ताब्याच्या सॉफ्टवेअरला बांधलेले नाही ना, तेही काही वेळा दिसते. डिस्क कुलूपबंद करणारा विंडोजचा बिटलॉकर सुरू असेल तर बायोस अपडेट किंवा बोर्ड बदलण्याआधी तो तात्पुरता थांबवावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवली तर डिस्क धडधाकट असूनही माहिती परत मिळत नाही.

धातूच्या झाकणावर हात ठेवताच मुंग्या येतात, त्याला ‘शॉर्ट झाला’ म्हटले जाते. बहुतेक वेळा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असतो किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसते. चार्जरमधल्या गाळणी-कपॅसिटरातून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जायचा तो हाताकडे येतो. दुरुस्ती लॅपटॉपची नाही, वायरिंगची हवी. व्होल्टेज स्टॅबिलायझरची मात्र गरज नसते, चार्जर १०० ते २४० व्होल्ट स्वतःच सांभाळतो. विजेच्या कडकडाटात संरक्षण हवे असेल तर सर्ज प्रोटेक्टर घ्यावा, आणि तोही अर्थिंगवाचून पुरेसे संरक्षण देत नाही.

शेवटी खर्चाची मर्यादा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रात नवी रॅम आणि एसएसडी घालून ते पळेल, पण बँकेची आणि कराची कामे त्यावर करायची असतील तर तो पैसा आठव्या पिढीच्या यंत्रात घालणे शहाणपणाचे. कोणताही सुटा भाग आणायला पेणहून किंवा रोह्याहून मुंबई गाठण्याआधी तळाच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅमच्या पट्टीवरची अक्षरे आणि एसएसडीची खाच यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवावेत.